आग एक, खाती पाच, हुकूम कुणाचा?

मार्च लागला की विंध्याच्या उतारावरचा साग उघडाबोडका होतो. खाली घोटाभर पाचोळा साचतो, गवत वाळून कुरकुरीत होतं आणि त्याच सुमारास मोह गळायला लागतो. फुलं वेचायला सोपं जावं म्हणून झाडाखालचा पाचोळा पेटवून द्यायची जुनी रीत आहे. बहुतेक वेळा ती आग झाडाखालीच विझते. एखाद्या दुपारी मात्र वारा फिरतो आणि ती चढाला लागते. आपण इंदूरकर जाम गेट आणि चोरल पावसाळ्यात हिरवंगार बघायला जातो. मे महिन्यात त्याच रस्त्याने गेलात, तर काळेठिक्कर उतार दिसतील.

समजा, यातली एक आग हाताबाहेर गेली. तिथे कोण कोण पोहोचेल? सगळ्यात आधी वन खात्याचा बीटगार्ड, म्हणजे वनरक्षक, आणि त्याच्या हाकेला आलेले गावकरी. मग तहसीलदार किंवा एसडीएम, म्हणजे महसूल. शहरातून बंब. आपल्या इंदुरात अग्निशमन दल वर्षानुवर्षं पोलिस खात्याच्या अखत्यारीत राहिलं, म्हणजे बंबावरचा माणूस मुळात पोलिसातला. राज्याचं आपत्ती दल, एसडीईआरएफ, ते होमगार्डच्या छत्राखाली. आणि प्रशासनाने मागणी केली, तर महूच्या छावणीतून जवान. गावकरी सोडले तरी पाच खाती, पाच गणवेश, पाच साहेब. प्रत्येक जण आपापल्या कामात शिकलेला. पण शेजारी उभा असलेला माणूस नेमकं काय शिकलाय, हे यातल्या एकालाही ठाऊक नसतं.

हा प्रश्न वाटतो त्यापेक्षा जास्त जिवावरचा आहे. सियागंजातल्या अरुंद गल्लीत गोदाम पेटलं, तर बंबावरच्या माणसाला सगळं समजतं: पाण्याचा दाब, धुराने भरलेली खोली, विजेचा मेन स्विच. तोच माणूस सागाच्या उतारावर आणा. पाणी नाही, रस्ता नाही, आणि आग चढावर धावते. ढोबळ नियम असा, की दर १० अंश चढाला आगीचा वेग साधारण दुप्पट होतो. खाली रमतगमत चाललेली आग ऐन चढावर माणसाला पळून मागे टाकते. वनरक्षकाला हे अंगवळणी पडलेलं असतं. म्हणून तो आगीच्या वरच्या बाजूला उभा राहत नाही, कडेने येतो आणि हिरव्या फांदीने झोडपत किंवा पाचोळा ओढून मातीची पट्टी मोकळी करत पुढे सरकतो. पण त्याच आगीने वस्तीतला गॅस सिलिंडर गाठला, की वनरक्षक नवशिका आणि बंबवाला उस्ताद. दोघांपैकी कुणीही कमी नाही. गोंधळ होतो, कारण कुणाला कुठे उभं करायचं हे ठरवणाऱ्याच्या हातात काहीच कागद नसतो.

अमेरिकेत हा गोंधळ १९७० साली फार महागात पडला. कॅलिफोर्नियात तेव्हा १३ दिवसांत १६ माणसं गेली, सातशेच्या वर बांधकामं जळाली आणि पाच लाख एकरांहून जास्त जमीन होरपळली. बंब आणि माणसं नव्हती, असं नाही. पण या दलाचा वायरलेस त्या दलाला ऐकू येत नव्हता, एकच शब्द दोन दलांत दोन अर्थांनी वापरला जात होता, आणि एकाच डोंगरावर दोन अधिकारी स्वतंत्र हुकूम सोडत होते. त्यातून पुढे आगीच्या जागेवर कमान कुणाच्या हाती, त्याच्या हाताखाली कोण, हे ठरवणारी इन्सिडंट कमांड सिस्टिम उभी राहिली. पण रचना आखून भागत नाही. तिच्यातल्या प्रत्येक खुर्चीवर बसणारा माणूस त्या लायकीचा आहे, हे कुणी ठरवायचं?

त्यासाठी १९७६ मध्ये राष्ट्रीय वणवा समन्वय गट स्थापन झाला. अमेरिकेत जंगलं एका खात्याची नाहीत. वन सेवा कृषी खात्याखाली, तर राष्ट्रीय उद्यानं, वन्यजीव, सरकारी पडीक जमिनी आणि आदिवासी मुलूख हे गृह खात्याच्या चार वेगवेगळ्या विभागांकडे. (त्यांचं गृह खातं म्हणजे पोलिसांचं नव्हे, जमीनजुमल्याचं.) शिवाय प्रत्येक राज्याची आपली वनसेवा. या सगळ्यांनी मिळून एक गोष्ट मान्य केली: वणव्याच्या कामातल्या प्रत्येक पदासाठी किमान पात्रता सगळीकडे एकच असेल. साध्या फायरफायटरपासून अख्ख्या आगीचा कमांडर होईपर्यंत कुठल्या पायरीवर काय यायला हवं, हे एकाच पुस्तकात लिहिलेलं आहे.

त्या पुस्तकाचा खिशात मावणारा अवतार म्हणजे रेड कार्ड. त्यावर माणसाचं नाव, तो कुठली पदं सांभाळायला पात्र आहे आणि कुठल्या पदासाठी अजून उमेदवारी करतोय, एवढंच. आपला गाडी चालवायचा परवाना आठवा: एमपी-०९ च्या आरटीओने दिलेला परवाना पुण्याच्या चौकातही चालतो, शिकाऊ आणि पक्का यात फरक असतो, आणि मोटारचा परवाना असला म्हणून कुणी ट्रक चालवायला देत नाही. रेड कार्डचंही तसंच, फक्त ते दर वर्षी नव्याने द्यावं लागतं. मला यातली सगळ्यात मोलाची गोष्ट वाटते ती ही, की कार्डावर हुद्दा नसतो. आपल्या खात्यात मोठा साहेब असलेला माणूस आगीवर साधा फायरफायटर असू शकतो आणि त्याच्यावर हुकूम चालवणारी व्यक्ती दुसऱ्या खात्यातली, पगाराने खालची असू शकते. आपल्याकडच्या कुठल्याही कार्यालयात बसलेल्या माणसाला हे वाचून घाम फुटेल.

आता हे कार्ड मिळतं कसं ते बघू, कारण खरी गंमत तिथे आहे.

पहिली पायरी वर्गातली. नवख्याला दोन मूळ अभ्यासक्रम करावे लागतात: एक हत्यारं आणि आग विझवायच्या पद्धतींचा, दुसरा आग कशी वागते त्याचा. सोबत माणसं दबावाखाली कशी चुकतात, याचाही एक छोटा अभ्यासक्रम असतो. अभ्यासक्रमाचा शेवट मैदानात होतो. हत्यार हातात घेऊन जाळरेषा (आग अडवायला गवत-पाचोळा काढून केलेली मोकळी पट्टी) काढायची आणि चांदीसारख्या चकचकीत वर्खाच्या छोट्या तंबूची घडी उलगडून त्याच्याखाली झोपायचं. हा फायर शेल्टर, सगळ्या वाटा बंद झाल्यावर वापरायचा शेवटचा उपाय.

दुसरी पायरी पायांची. सगळ्यात कष्टाच्या कामांसाठी परीक्षा अशी: पाठीवर सुमारे २० किलोचं ओझं, सपाट रस्ता, ४.८ किलोमीटर, ४५ मिनिटं. धावायचं नाही, चालायचं. ऐकायला किरकोळ वाटतं. धान्याची गोणी पाठीला बांधून सकाळी एकदा चालून बघा. जरा हलक्या कामांसाठी ११ किलो घेऊन ३.२ किलोमीटर ३० मिनिटांत, आणि बसून करायच्या कामांसाठी ओझ्याविना १.६ किलोमीटर १६ मिनिटांत. ही परीक्षा दर वर्षी द्यावी लागते. त्यासोबत उजळणीचा वर्गही, ज्यात त्या शेल्टरखाली पुन्हा झोपावं लागतं. दहा हंगाम काढलेल्यालाही सूट नाही.

तिसरी पायरी म्हणजे टास्क बुक, आणि अख्ख्या व्यवस्थेचा कणा हाच. समजा, एखादा फायरफायटर चार-पाच जणांच्या टोळीचा म्होरक्या होऊ पाहतोय. त्याला एक वही मिळते. तिच्यात ओळीने कामं लिहिलेली असतात: टोळीला सुरुवातीची माहिती नीट देणं, सुटकेची वाट आणि सुरक्षित जागा दाखवणं, हवामान बदललं की वर कळवणं, सगळ्यांची हत्यारं आणि सामान तपासणं. प्रत्येक कामासमोर एक अक्षर असतं. एका अक्षराचा अर्थ, हे काम कुठेही करून दाखवलं तरी चालेल, वर्गातसुद्धा. दुसऱ्याचा अर्थ, हे खऱ्या वणव्यावरच करून दाखवायला हवं. तिसरं अक्षर क्वचितच घडणाऱ्या गोष्टींसाठी, जिथे नुसता प्रसंग रंगवून विचारलं तरी भागतं. उमेदवाराने काम केलं की शेजारी उभा असलेला, त्या पदाची पात्रता आधीच असलेला माणूस त्या ओळीवर आद्याक्षरं आणि तारीख घालतो. तो दुसऱ्याच खात्याचा असला तरी चालतो. म्हणजे कोलोरॅडोच्या राज्य सेवेतल्या पोराच्या वहीत राष्ट्रीय उद्यानाच्या बाईंची सही असू शकते. खात्यांमधला विश्वास असा सहीसहीने साठतो. सामंजस्य करारावर मंत्र्यांचा फोटो काढून तो येत नाही.

वही भरल्यावर शेवटचा मूल्यमापक लिहितो, की हा माणूस तयार आहे. पण दाखला समन्वय गट देत नाही. तो ज्याच्या त्याच्या मूळ खात्याने द्यायचा. खात्याला वाटलं, की सह्या आहेत पण पोरगा अजून कच्चा आहे, तर खातं थांबवू शकतं. एकदा दिला, की जबाबदारीही त्याच खात्याची. आणि दाखला कायमचा नसतो. बहुतेक पदांसाठी ५ वर्षांत त्या पदावर एकदाही काम केलं नाही, तर पात्रता जाते. हवाई कामांसाठी ही मुदत ३ वर्षांची आहे. मग पुन्हा उमेदवारी.

समान पात्रता म्हटलं, की दोन भांडणं हमखास होतात. पहिलं: "आमचे नियम तुमच्यापेक्षा कडक आहेत." त्यावर तोडगा असा, की प्रत्येक खात्याने आपल्या माणसांसाठी हवे तितके कडक नियम करावेत, पण दुसऱ्याचा माणूस आपल्या आगीवर आला, तर किमान पात्रतेवर त्याला मान्य करायचं. दुसरं भांडण उलट्या बाजूचं: "आमच्या गावच्या दलाकडे एवढे अभ्यासक्रम करायला वेळ नाही." गावाशेजारची छोटी आग विझवायला पहिली धाव घेताना स्थानिक दलांनी आपसात ठरवून एकमेकांचे नियम मान्य करावेत, एवढी ढील दिलेली आहे. आग मोठी होऊन दूरदूरची माणसं मागवली गेली, की राष्ट्रीय किमान पात्रता लागू. ही दोन वाक्यं नसती, तर सगळी योजना दुसऱ्याच वर्षी कोलमडली असती, असं मला वाटतं.

शहरी अग्निशमन दलांसाठी त्यांनी आणखी एक शहाणपण केलं. इमारतीच्या आगीत वीस वर्षं काढलेल्या माणसाला पुन्हा पहिलीत बसवायचं नाही. त्याला जे येतं आणि वणव्यासाठी जे लागतं, ते दोन्ही शेजारी मांडून फक्त मधली फट शिकवायची. पाईप, पंप, प्रथमोपचार, शिस्त हे त्याला येतंच. शिकायचं ते उतार, वारा, इंधन म्हणजे गवत-पाचोळा, आणि पाण्याशिवाय आग कशी अडवायची. पुण्यात, ठाण्यात, वडोदऱ्यात, इंदुरात, कुठल्याही शहराच्या कडेला टेकड्या आणि वसाहती एकमेकांत घुसत असताना ही कल्पना उचलण्यासारखी आहे.

माणसांसारखंच सामानाचं. "एक बंब पाठवा" असं कुणी म्हणत नाही. अमुक प्रकारचा बंब म्हणतात, आणि त्या प्रकाराचा अर्थ देशभर एकच. सहाव्या प्रकारचा म्हणजे किमान साधारण ५७० लिटर पाणी आणि २ माणसं, कच्च्या रस्त्यावर चढणारी छोटी गाडी. तिसऱ्या प्रकारचा म्हणजे किमान साधारण १,९०० लिटर आणि ३ माणसं. मागणी आयडाहो राज्यातल्या बॉइझी शहरातल्या राष्ट्रीय केंद्रापर्यंत जाते आणि हजार किलोमीटरवरून निघालेली गाडी पोहोचते, तेव्हा मागितलं होतं तेच आलेलं असतं. याच भरवशावर त्यांचे फायरफायटर ऑस्ट्रेलियापर्यंत मदतीला गेले आहेत.

मात्र एवढं सगळं वाचून हुरळून जायचं कारण नाही. १९९४ मध्ये कोलोरॅडोतल्या साउथ कॅन्यनच्या आगीत १४ फायरफायटर गेले. एकाच उतारावर तीन वेगवेगळ्या पठडीतली माणसं होती: हॉटशॉट म्हणजे जमिनीवरून लढणाऱ्या निवडक टोळीतले ९, विमानातून उड्या मारणारे ३, हेलिकॉप्टरवरचे २. सगळे तयार गडी. पण वारा उलटणार असल्याचा हवामानाचा इशारा त्यांच्यापर्यंत पोहोचलाच नाही. कार्ड माणसाची लायकी सांगतं. दुपारी तीन वाजता वारा कुठून वाहणार हे नाही. म्हणूनच तिथे चार गोष्टी घोकून घेतल्या जातात: टेहळणीला कोण, संपर्क कसा, सुटकेची वाट कुठली, सुरक्षित जागा कुठे. या चारांपैकी एकाचंही उत्तर येत नसेल, तर आगीला भिडायचं नाही. शिवाय वह्यांचं दुखणं आहेच. एखाद्या हंगामात आगीच कमी लागल्या, तर उमेदवाराची वही रिकामी राहते. आणि सही करणारा दोस्त असला, तर ती भराभर भरते. हे तिथेही घडतं. आपल्याकडे किती घडेल, ते सांगायला नको.

आपल्याकडे काय आहे? बरंच काही. डेहराडूनची भारतीय वन सर्वेक्षण संस्था उपग्रहाने टिपलेल्या ज्वाळांचे इशारे थेट मोबाइलवर पाठवते. उपग्रहाचा एक ठिपका आता ३७५ मीटरचा असतो, आधी तो किलोमीटरभराचा होता. म्हणजे बीटगार्डला निदान कुठल्या टेकडीच्या कुठल्या अंगाला जायचं ते कळतं. मध्य प्रदेशात १५ फेब्रुवारी ते १५ जून हा आगीचा हंगाम धरून जाळरेषा साफ केल्या जातात. १९२७ च्या भारतीय वन कायद्याच्या ७९ व्या कलमानुसार जंगलात हक्क असलेल्या गावकऱ्यांवर आग विझवायला मदत करण्याचं बंधन आहे. २०१० मध्ये राष्ट्रीय आपत्ती व्यवस्थापन प्राधिकरणाने अमेरिकेच्या त्या कमांड रचनेची भारतीय आवृत्ती काढली. तिच्यात जिल्ह्याची जबाबदारी कलेक्टरवर आहे. २०१८ मध्ये वणव्यांसाठी राष्ट्रीय कृती आराखडाही आला. नागपूरला १९५७ पासून राष्ट्रीय अग्निशमन महाविद्यालय आहे, वन खात्यांची आपापली प्रशिक्षण केंद्रं आहेत.

म्हणजे आगीची खबर आहे, कायदा आहे, कमांडची आखणी आहे, शाळा आहेत. या सगळ्यांना सांधणारी खिशातली चीज मात्र दिसत नाही. वनरक्षकाचं प्रशिक्षण वन खात्याच्या सेवापुस्तकात राहतं, एसडीईआरएफच्या जवानाचं त्याच्या दलात, आणि एकाचं दुसऱ्याला वाचता येत नाही. २०१६ च्या वसंतात उत्तराखंड पेटला, तेव्हा वन खातं, एनडीआरएफ म्हणजे राष्ट्रीय आपत्ती दल, आणि वायुसेनेची एमआय-१७ हेलिकॉप्टरं एकाच राज्याच्या डोंगरांवर कामाला लागली. अशा वेळी रेंजरसमोर तीस अनोळखी धडधाकट माणसं उभी राहतात. त्यातल्या कुणाला उतारावर पाठवायचं आणि कुणाला खाली पाण्याच्या टाक्यांपाशी ठेवायचं, हे त्याला चेहरे बघून ठरवावं लागतं.

यासाठी दिल्लीहून मोठी योजना येण्याची वाट बघायलाच हवी, असं नाही. इंदूर वनमंडळात इंदूर, महू, मानपूर, चोरल अशा मोजक्या रेंज आहेत. पहिलं काम डीएफओ (वनमंडळाचे प्रमुख), अग्निशमन अधिकारी आणि होमगार्डचे कमांडंट यांनी एका टेबलावर बसून चार पदं ठरवण्याचं: साधा विझवणारा, टोळीचा म्होरक्या, टेहळ्या आणि जागेवरचा कमांडर. अमेरिकेतल्यासारखी शंभर पदं कशाला? त्यांना आद्याक्षरांचं भारी वेड आहे, आपण ते इथे आणू नये. प्रत्येक पदासाठी दहा-बारा कामांची वही, हिंदीत. हंगामापूर्वी एक दिवस सगळ्या खात्यांची चालण्याची परीक्षा एकत्र, आणि एखाद्या जाळरेषेवर नियंत्रित जाळणी करताना वहीतल्या ओळींवर सह्या. बंबवाल्याने वनरक्षकाच्या हाताखाली उमेदवारी करायची, वस्तीजवळच्या सरावात वनरक्षकाने बंबवाल्याच्या. रुसवेफुगवे होणार. ते ऐन आगीत होण्यापेक्षा फेब्रुवारीत झालेले परवडले.

या सगळ्यात मला सर्वांत जास्त वाईट वाटतं ते हंगामी फायर वॉचरचं. हा बहुतेक वेळा जंगलालगतच्या गावातला, रोजंदारीवरचा माणूस. कुठल्या घळीत वारा फिरतो, कुठल्या ओढ्यात एप्रिलपर्यंत ओल टिकते, हे त्याला रेंजरपेक्षा जास्त कळतं. जूनमध्ये पाऊस पडला, की त्याची मजुरी थांबते आणि पुढच्या वर्षी तो पुन्हा नवखा म्हणून लागतो. त्याने किती आगी अडवल्या, याची कुठेही नोंद नाही. देशात २०१३ पासून राष्ट्रीय कौशल्य पात्रता आराखडा आहे, आणि शाळेत न जाता हाताने शिकलेल्या कामाची परीक्षा घेऊन दाखला देण्याची सोयही आहे. वॉचरला वाचता येत नसलं तरी बिघडत नाही, कारण वहीत लिहायचं त्याने नसतंच. लिहायचं डेप्युटी रेंजरने: तारीख, कक्ष क्रमांक, आग चढावर होती की सपाटीवर, या माणसाने काय केलं, आणि खाली सही. ही वही वॉचरच्या घरी राहू द्यावी, कार्यालयाच्या कपाटात नको. दोन हंगामांच्या अशा नोंदी झाल्या, की टोळीचा म्होरक्या म्हणून त्याला कार्ड द्यायला कुणाची हरकत असणार? आणि मजुरीचा दर त्या कार्डाला जोडला, तर तिसऱ्या वर्षी तो स्वतःहून दारात येऊन उभा राहील.